चित्राखालची ओळ

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यातून निघालेली मिरवणूक सुमारे पाच किलोमीटरांचा मार्ग आक्रमून ज्या ठिकाणी समाप्त होते, त्या स्थळाचे नाव बन्नीमंटप. कानडीत ‘बन्नी’ म्हणजे शमीचे झाड. सुमारे ७५० किलोग्रॅम वजनाची सुवर्णमंडित अंबारी पाठीवर घेऊन हत्ती येथवर येतो, अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान असते, आणि अंधार पडल्यावर येथील मैदानात मशालींचे संचलन होते. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर दडवून ठेवली होती, या महाभारतातील कथेशी या वृक्षाच्या पूजेचा संबंध जोडला जातो. महाराष्ट्रात आपण त्या दिवशी सोने म्हणून आपट्याची पाने वाटतो. येथे मान शमीचा. पिढ्यान् पिढ्या येथे राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत दोन्ही पाने एकाच तबकात ठेवून हा प्रश्न सोडविलेला आहे.

काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्याच संध्याकाळी माझ्या मामांनी भ्रमणध्वनीवरील आमच्या कुटुंबाच्या गटात एक संदेश पाठविला. मामांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे, घर बन्नीमंटपाच्या जवळच. संदेशाचा आशय असा होता: शमी हा वृक्ष रात्रंदिवस प्राणवायू सोडतो, हे आता आधुनिक विज्ञानाने सिद्ध केले आहे; आपल्या पूर्वजांना ते आधीच ठाऊक होते, म्हणूनच शमीपूजन रात्रीच्या तोंडावर करण्याची प्रथा पडली. हा मजकूर मामांनी स्वतः रचलेला नव्हता. कोठून तरी आला आणि त्यांनी पुढे धाडला. पाचच मिनिटांत माझ्या पुतण्याने उत्तरादाखल एक चित्र टाकले. फळ्यावर अगम्य समीकरणांची गर्दी करून एक गृहस्थ विजयी मुद्रेने वर्गाकडे वळून पाहत आहे, असे ते चित्र होते. खाली ओळ नव्हती. ‘काका, ओळ तुम्ही सुचवा,’ असे त्याने लिहिले. मी सुचविली: ‘अर्ध्या हळकुंडात शास्त्र पिवळे!’

सारा गट हसला. मामांनी ‘बरे’ एवढाच शब्द लिहिला, आणि त्यानंतर वर्षभर वाढदिवसाच्या शुभेच्छांखेरीज त्यांचा एकही संदेश आला नाही. त्या रात्री आपण विज्ञानाची सेवा केली, अशीच माझी समजूत होती. हा लेख त्या ओळीविषयी आहे.

ज्यांना या प्रकाराचा परिचय नसेल अशा वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. एखादे ठरावीक चित्र घ्यावे, त्याखाली प्रसंगानुरूप एक ओळ लिहावी आणि ते लोकांत फिरवावे, यास हल्ली ‘मीम’ म्हणतात. हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सेल्फिश जीन’ या ग्रंथात प्रथम वापरला. एका मनातून दुसऱ्या मनात नकलेने पसरणाऱ्या कल्पना, चाली, रीती यांना त्याने हे नाव दिले होते. चित्रांचा अर्थ त्यास पुढे चिकटला. यातील काही चित्रे दुसऱ्याच्या बोलण्यावर आपली प्रतिक्रिया म्हणून वापरली जातात. कोणी मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचे स्पष्टीकरण दिले की, त्यावर भुवई उंचावणारा किंवा कपाळाला हात लावणारा एखादा चेहरा पाठविला जातो. चित्र तेच राहते, ओळ मात्र दर वेळी नवी लिहावी लागते. म्हणून माझ्या मते खरी जबाबदारी चित्राची नसून ओळीची आहे.

माझ्या ओळीत दोष कोणता होता? ती खोटी नव्हती. मामांचे शास्त्र अर्ध्या हळकुंडाचेच होते. दोष असा की, ती ओळ जगातील कोणत्याही चुकीच्या स्पष्टीकरणाखाली जशीच्या तशी शोभली असती. ग्रहणाविषयी कोणी काही बरळले तरी तीच ओळ चालली असती, आणि पाणी अडविण्याच्या एखाद्या फसव्या योजनेवरही चालली असती. जी ओळ सगळीकडे बसते, तिने प्रस्तुत चुकीविषयी काहीच सांगितलेले नसते. तिने फक्त बोलणाऱ्याला उणे केलेले असते. इतकेच नव्हे, तर मामांचे विधान उद्या बरोबर ठरले असते, तरीही माझी ओळ तितकीच चुरचुरीत वाटली असती.

तेथे जी ओळ हवी होती ती मला बऱ्याच दिवसांनी सुचली: ‘रात्री सूर्य कोठून आणला?’

या चार शब्दांत चूक नेमकी कोठे आहे ते दिसते. हिरवी वनस्पती प्राणवायू सोडते तो प्रकाशसंश्लेषणाच्या क्रियेत. या क्रियेत प्रकाशाच्या ऊर्जेने पाण्याचे विघटन होते आणि त्यातून प्राणवायू मुक्त होतो. प्रकाश नसेल तर विघटन नाही, आणि विघटन नसेल तर प्राणवायूही नाही. रात्री झाड आपल्याप्रमाणेच केवळ श्वसन करते. म्हणजे थोडा प्राणवायू घेते आणि थोडा कार्बन डायऑक्साइड सोडते. कोरफड, अननस, निवडुंग यांसारख्या वनस्पती रात्री पानांची रंध्रे उघडतात, हे खरे आहे. परंतु त्या वेळी त्या कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपाने साठवितात आणि त्याचा उपयोग दुसऱ्या दिवशी उजेडात करतात. प्राणवायूसाठी त्यांनाही सूर्योदयाची वाट पाहावी लागते. ‘रात्री सूर्य कोठून आणला?’ ही ओळ ग्रहणाच्या बरळण्याखाली बसत नाही. ती याच चुकीची आहे. शिवाय तो प्रश्न असल्यामुळे मामांना त्याचे उत्तर देता आले असते. हळकुंडाला काय उत्तर द्यायचे?

हा विचार करताना मला वारंवार एका चित्रकाराची आठवण होते. ते याच म्हैसूर शहरात १९२१ साली जन्मले. येथील महाराजा महाविद्यालयात शिकून रा. कृ. लक्ष्मण मुंबईस गेले, आणि १९५१ सालापासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या पहिल्या पानावर ‘यू सेड इट’ या मथळ्याखाली त्यांचे छोटेसे व्यंगचित्र येऊ लागले. धोतर, चौकड्यांचा कोट, गोल चष्मा आणि कानांवर उरलेले चार केस असा त्यांचा ‘सामान्य माणूस’ महाराष्ट्राने आपलाच मानला. पुण्यात आणि मुंबईत वरळीला त्याचे पुतळे उभे आहेत. लक्ष्मण यांचे निधनही २०१५ साली पुण्यातच झाले. या सामान्य माणसाला त्यांनी बोलू दिले नाही, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कोणी मंत्री, कोणी अधिकारी, कोणी तज्ज्ञ मोठ्या ऐटीत काही समजावून सांगत असतो, आणि हा कोपऱ्यात उभा राहून नुसता पाहत असतो. चित्राखालची ओळ बहुधा त्या बोलणाऱ्याचीच असते. तिच्यातील तर्क असा नेमका पकडलेला असतो की वाचकाच्या तो आपोआप ध्यानात यावा. चित्रमालेच्या इंग्रजी नावाचा अर्थही ‘हे तुम्हीच म्हणालात’ असाच होतो. आजच्या प्रतिक्रियाचित्रांत जो चेहरा टीका करतो, त्याचा हा वडीलधारा पूर्वज आहे, असे मी समजतो. फरक एवढाच की त्याच्या तोंडी कोणी हळकुंड घातले नाही.

ओळ ही केवळ थट्टेचीच असते असे मात्र नाही. पुष्कळदा चुकीचे स्पष्टीकरण स्वतःच ओळ होऊन एखाद्या खऱ्या चित्राखाली जाऊन बसते. दर दिवाळीत भारताचे एक रंगीबेरंगी उपग्रहचित्र हातोहात फिरते: काळ्या पार्श्वभूमीवर लाल, हिरवे, निळे, पांढरे ठिपके, आणि खाली ओळ, ‘दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत’. चित्र अस्सल आहे. ते अमेरिकेच्या सागर व वायुमंडल संस्थेतील क्रिस एल्विज यांनी २००३ साली तयार केले. परंतु ते एका रात्रीचे छायाचित्र मुळीच नाही. अनेक वर्षांच्या नोंदी एकमेकांवर ठेवून बनविलेला तो एक नकाशा आहे, आणि त्यातील रंग दिव्यांचे नसून वर्षांचे आहेत. १९९२ पूर्वीच दिसू लागलेले दिवे पांढरे, १९९२ साली दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे लाल. देशात वस्ती आणि वीज कशी पसरत गेली, हे त्यावरून वाचता येते. म्हणजे मूळ अर्थ खोट्या अर्थाहून किती तरी अधिक मोलाचा आहे. ‘नासा’ या संस्थेने २०१२ साली याचा खुलासा करून त्या वर्षीच्या १२ नोव्हेंबरच्या रात्रीचे खरे चित्रही प्रसिद्ध केले. दिवाळीच्या रोषणाईने पडणारी भर इतकी अल्प असते की अवकाशातून ती बहुधा जाणवणारच नाही, असे त्या खुलाशात म्हटले होते. पुढच्या दिवाळीला तेच चित्र त्याच ओळीसह पुन्हा निघाले! या चित्रावर हसणाऱ्याने ‘रंग दिव्यांचे की वर्षांचे?’ एवढे विचारले, तरी एका ओळीत भूगोलाचा पाठ होईल.

चुकीच्या स्पष्टीकरणात आकडे आले की त्याची ऐट अधिकच वाढते. मार्च २०२० मध्ये २२ तारखेच्या ‘जनता कर्फ्यू’पूर्वी एक संदेश देशभर फिरत होता. विषाणू एका जागी १२ तास जगतो, संचारबंदी १४ तासांची आहे, म्हणून ज्या जागांना कोणी हात लावणार नाही त्या जागांवरील विषाणू मरतील आणि साखळी तुटेल, असे त्यात म्हटले होते. चौदातून बारा वजा केले तर दोन उरतात, यात शंका नाही. परंतु त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्लॅस्टिक व पोलाद यांच्या पृष्ठभागावर हा विषाणू ७२ तासांपर्यंत आढळला होता. आणि तो १२ तासांत मेला असता, तरी संशयाला जागा उरलीच असती, कारण विषाणूचे खरे घर दाराच्या कडीवर नसून माणसाच्या श्वसनमार्गात असते, आणि तेथे तो आपली संख्या वाढवीत राहतो. संचारबंदीत माणूस घरी बसतो. विषाणूही त्याच्याबरोबर घरीच बसतो. लोकांनी घरी थांबणे अर्थातच हितावह होते. दुर्दैव हे की योग्य सल्ल्याला चुकीचे कारण जोडले गेले, आणि काही ठिकाणी लोक त्याच संध्याकाळी घोळक्याने रस्त्यावर आले. येथे ओळ लिहायची तर ‘विषाणूच्या हातात घड्याळ कोणी बांधले?’ अशी काही लिहावी. वजाबाकीला दोष देऊ नये.

आता वाचकांना वाटेल की, चुका श्रद्धाळूंच्या आणि ओळी आम्हां विज्ञाननिष्ठांच्या, अशी माझी वाटणी आहे. तसे नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो, अशी वार्ता दिल्लीहून पसरली आणि मुंबई-पुण्यापासून परदेशांतील हिंदू मंदिरांपर्यंत रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध चमच्यातून मूर्तीला लावून दाखविले. रंगामुळे दूध मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना स्पष्ट दिसले. हा प्रयोग उत्तम होता, कारण कोणाचाही उपहास न करता तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांना पटत होता. परंतु त्यानंतर कित्येक सुशिक्षितांनी ‘केशाकर्षण!’ हा शब्द मंत्रासारखा पाठ केला. विचारणाऱ्याच्या तोंडावर तो फेकला की चर्चा संपे. वस्तुतः पितळेच्या किंवा चांदीच्या भरीव मूर्तीत केसासारख्या सूक्ष्म नळ्या कोठून असणार? तेथे मुख्य कार्य पृष्ठताणाचे होते. भरलेल्या चमच्याच्या काठावर फुगलेले दूध ओल्या मूर्तीला टेकताच तिच्याकडे ओढले जाते, आणि मग गुरुत्वाकर्षणाने पातळ थरात खाली वाहते. सच्छिद्र दगडाच्या किंवा मातीच्या मूर्तीत केशाकर्षणाचा थोडाफार वाटा असेलही. पण ज्याने मूर्ती कशाची हेच पाहिले नाही आणि शब्द मात्र ठणकावला, त्याचे स्पष्टीकरण आणि रांगेतील भाविकाचे स्पष्टीकरण यांत मला फारसे अंतर दिसत नाही. मीही त्या दिवशी केशाकर्षणच म्हणालो होतो.

याहून मजेदार उदाहरण दुसरे आहे. अतिविश्वासाची थट्टा करण्यासाठी सर्वांत अधिक वापरले जाणारे चित्र म्हणजे एक आलेख होय. आडव्या रेषेवर ज्ञान, उभ्या रेषेवर आत्मविश्वास. प्रारंभीच एक उंच शिखर, त्यास ‘मूर्खपणाचा डोंगर’ असे नाव, मग खोल दरी आणि पुढे ज्ञानाचा सौम्य चढ. खाली डनिंग आणि क्रूगर या दोन मानसशास्त्रज्ञांची नावे असतात. दुसऱ्याचे ज्ञान किती उथळ आहे, हे दाखविण्यास हा आलेख मोठ्या तोऱ्याने पाठविला जातो. आता क्रूगर व डनिंग यांचा १९९९ सालचा मूळ निबंध उघडून पाहा. त्यात तो डोंगर नाही, आणि दरीही नाही. विनोदाची जाण, व्याकरण आणि तर्क यांच्या चाचण्या घेऊन त्यांनी विद्यार्थ्यांना स्वतःचे स्थान अजमावण्यास सांगितले होते. सर्वांत खालच्या चतुर्थांशातील विद्यार्थी शंभरांत सरासरी १२ व्या पायरीवर होते, पण आपण ६२ व्या पायरीवर आहोत असे त्यांना वाटत होते. सर्वांत वरच्या गटाने उलट स्वतःला किंचित कमी लेखले. म्हणजे अज्ञानी माणूस स्वतःला वाजवीपेक्षा बराच वर समजतो, एवढे त्यात आहे. तो तज्ज्ञाहूनही अधिक छाती फुगवून चालतो, असे नाही. त्या निष्कर्षांतील किती भाग गणिती रीतीमुळे तसा दिसतो, याविषयी पुढे संशोधकांत वादही झाले. म्हणजे अर्धवट ज्ञानाच्या अतिविश्वासाला हसणारे सर्वांत लोकप्रिय चित्र स्वतःच अर्धवट ज्ञानाने आणि अतिविश्वासाने फिरत आहे. हे वाचल्यावर मी माझ्या हळकुंडाची मनातल्या मनात क्षमा मागितली. ते बिचारे निदान अस्सल मराठी तरी होते!

मग ओळ लिहूच नये काय? मी तसे म्हणत नाही. हसणे ही विचाराची शत्रू नव्हे. उलट शाळांतून हा एक अभ्यासच व्हावा, असे माझे मत आहे. मात्र त्याचा क्रम उलटा असावा. रोझेनब्लिट आणि कील या संशोधकांनी २००२ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. कपड्याची चेन किंवा शौचकूपातील पाण्याची टाकी कशी चालते, हे तुम्हांला किती समजते, असे त्यांनी लोकांना विचारले. लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. त्यानंतर तेच कार्य टप्प्याटप्प्याने लिहून काढण्यास सांगितले, आणि पुन्हा गुण देण्यास सांगितले. या वेळी गुण खाली आले. आपल्याला कळते असे वाटणे आणि खरोखर कळणे यांतील अंतर लेखणी हातात घेताच उघडे पडते. तेव्हा शिक्षकाने वर्गात असा एखादा फिरता संदेश आणावा आणि विद्यार्थ्यांस आधी त्या गोष्टीचे खरे स्पष्टीकरण पायऱ्यापायऱ्यांनी लिहावयास सांगावे. संदेशातील कोणती पायरी निसटली आहे त्यावर बोट ठेवावे, आणि मगच ओळ लिहावी. ज्याला पायरी सापडणार नाही, त्याने चित्र पाठवू नये, ग्रंथालयात जावे. माझा अनुभव असा की, पायरी सापडली की ओळ बहुधा प्रश्नाचे रूप घेते आणि तिच्यातील विखार आपोआप कमी होतो. शेजारच्या दोघा-तिघा मुलांना घेऊन मी हे करून पाहिले आहे. पहिल्या दिवशी त्यांच्या ओळी माझ्यापेक्षा वाईट होत्या, ही गोष्ट मी थोड्या समाधानाने नमूद करतो.

पुढच्या दसऱ्यास मी मामांकडे गेलो. मशालींचे संचलन व्हायचे होते. रस्ते माणसांनी फुलले होते. मी संकोचाने त्या ओळीचा विषय काढला आणि रात्रीच्या प्राणवायूचे सारे नीट समजावून सांगितले. या वेळी कागदावर, आकृती काढून. मामांनी शांतपणे ऐकून घेतले. दोन शंका विचारल्या. त्या दोन्ही रास्त होत्या. मग ते उठले, आतून आपला भ्रमणध्वनी घेऊन आले आणि त्यांनी त्या जुन्या संध्याकाळचेच एक छायाचित्र माझ्यापुढे धरले. ते मीच पाठविले होते. गावाबाहेरच्या माळावरील एक काटेरी झाड, आणि खाली माझीच ओळ: ‘खरी शमी अशी असते!’

‘काटा कोठून निघाला आहे ते पाहा,’ मामा म्हणाले. शमीचे काटे फांदीवर पेरांच्या मधल्या भागात विखुरलेले असतात; या झाडाचे काटे पानाच्या बेचक्यातून, पेरापाशी निघालेले होते. ती शमी नव्हती. शमीचीच अमेरिकेहून येथे आलेली बहीण, विलायती बाभूळ होती. लहानपणी बन्नीमंटपाच्या वाटेवर काट्यांवरून झाडे ओळखावयास मला मामांनीच शिकविले होते.

‘तुम्ही तेव्हाच का सांगितले नाहीत?’ मी विचारले.

‘सगळे हसत होते. त्यात कशाला?’ एवढे बोलून त्यांनी माझा कागद पुन्हा हाती घेतला आणि चष्मा पुसला. ‘रात्रीचे मला पटले. पण दिवसा एक झाड किती प्राणवायू देते, आणि त्यातला स्वतःच किती खर्चून टाकते, तो हिशेब यात दिसत नाही.’

तो मला येत नव्हता. मी तसे सांगितले, आणि आम्ही मशाली पाहावयास बाहेर पडलो.